गोमा: तेच तीन देश, तोच शत्रू, उलटा निकाल

२०१३ साली दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी या तीन देशांच्या पलटणींनी पूर्व काँगोत एम२३ या बंडखोर गटाचा बीमोड केला. ऑगस्टात लढाई पेटली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एम२३ने शस्त्रं खाली ठेवली. २०२५च्या जानेवारीत त्याच तीन देशांच्या पलटणी, त्याच गोमा शहराभोवती, त्याच एम२३समोर उभ्या होत्या. या वेळी शहर पडलं. दक्षिण आफ्रिकेचे १४ जवान मारले गेले आणि उरलेली फौज तीन महिने आपल्याच तळांत अडकून पडली. शेवटी ती बाहेर पडली तीही शत्रूच्या पाठीराख्याच्या, म्हणजे रवांडाच्या, हद्दीतून.

बारा वर्षांत असं काय बदललं, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

प्रकरण लिहिलंय आमच्या रविवारच्या चर्चामंडळासाठी. त्यात मराठा सेंटरमधून पेन्शनीत आलेले काही जण आहेत, खानापूर-निपाणीकडची भरतीची तयारी करणारी पोरं आहेत आणि राज्यशास्त्र घेतलेले काही पदवीचे विद्यार्थी. आफ्रिकेतलं युद्ध हा विषय इथं परका नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात १९२२ पासून आहे आणि ‘मिशनवर गेलाय’ म्हटलं की निळी टोपी, यूएनचा भत्ता आणि त्या पैशातून पडलेला घराचा स्लॅब या गोष्टी कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. परदेशी सैनिकही या शहराने पाहिलेत: २००८ मध्ये चिनी सैन्याबरोबरचा ‘हँड इन हँड’ सराव, २००९ मध्ये मालदीवबरोबरचा ‘एकुवेरिन’, २०२२ मध्ये जपानबरोबरचा ‘धर्म गार्डियन’. ते आले, डोंगरात सराव केला, फोटो काढले आणि ठरल्या तारखेला परत गेले. बोलावल्यावर येणारं आणि सांगितल्यावर जाणारं परदेशी सैन्य आपल्या परिचयाचं. गोमात आलेली सगळीच सैन्यं अशी नव्हती.

जागा आणि माणसं

गोमा हे किवू सरोवराच्या उत्तर काठावरचं शहर. उशाला न्यिरागोंगो हा जागता ज्वालामुखी. २००२ मध्ये त्याचा लाव्हा थेट शहरातून वाहत गेला होता. पूर्वेला शहर जिथं संपतं तिथंच देश संपतो. पलीकडचं गिसेन्यी हे रवांडाचं गाव गोमाला इतकं चिकटून आहे की भाजी विकणाऱ्या बायका सीमा ओलांडून बाजाराला ये-जा करतात. रवांडाची राजधानी किगाली इथून मोटारीने तीन-चार तासांवर. काँगोची स्वतःची राजधानी किन्शासा मात्र दीड हजार किलोमीटरहून लांब आणि तिथवर धड सलग रस्ता नाही. किन्शासाहून गोमाला जवान, दारूगोळा, मंत्री, काहीही पाठवायचं तर विमानानेच. म्हणजे गोमाचा विमानतळ गेला की किन्शासाच्या दृष्टीने गोमा बेट होतं. हे पुढं फार महत्त्वाचं ठरणार आहे.

भांडणाच्या मुळाशी आहे किन्यारवांडा ही भाषा बोलणारी काँगोली माणसं. यांतली काही कुटुंबं जर्मनी आणि बेल्जियमने सीमा आखण्याआधीपासून मासिसी-रुत्शुरूच्या डोंगरांत आहेत. काहींना बेल्जियमच्या राजवटीने मळ्यांवर मजूर म्हणून रवांडातून आणलं. काही १९५९ नंतर निर्वासित होऊन आली. काँगोने १९७२च्या कायद्याने यांतल्या बऱ्याच जणांना नागरिकत्व दिलं, १९८१च्या कायद्याने ते काढून घेतलं आणि २००४ मध्ये पुन्हा दार उघडलं. घरातली भाषा एक आणि नकाशावरचं राज्य दुसरं, यातलं दुखणं सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पण हे साम्य मी इथंच तोडतो. आपला प्रश्न शाळा, पाट्या, कागदपत्रं आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याचा आहे; आपल्या नागरिकत्वाला कुणी हात घातलेला नाही आणि पलीकडच्या राज्याने इकडे पलटणी उतरवलेल्या नाहीत. चर्चेत एका पोराने उत्साहाच्या भरात ‘म्हणजे आपल्यासारखंच की’ म्हटलं, तेव्हा पेन्शनीतल्या दोघांनी त्याला लगेच गप्प केलं, ते बरंच झालं.

१९९४च्या तुत्सींच्या वंशसंहारानंतर रवांडातून दहा लाखांच्या घरात हुतू निर्वासित गोमाभोवती येऊन पडले. त्यांच्यात संहार करणारेही होते. त्यांच्याच अवशेषांतून पुढं एफडीएलआर ही सशस्त्र संघटना उभी राहिली. रवांडा सांगतो की आमच्या सीमेला लागून हा धोका आहे आणि काँगोचं सैन्य त्यालाच हाताशी धरतं. यात तथ्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीही काँगोच्या सैन्याचे एफडीएलआरशी संबंध नोंदवलेत. पण त्याच तज्ज्ञांनी २०२४ मध्ये असंही लिहिलं की रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक काँगोच्या भूमीवर एम२३बरोबर लढताहेत. रवांडाचं उत्तर ठरलेलं: आम्ही फक्त बचावाचे उपाय योजलेत. त्यातच २०२४च्या एप्रिलमध्ये रुबायाची कोल्टन खाण एम२३च्या हाती गेली. मोबाइलमध्ये लागणाऱ्या टँटलमचं हे खनिज आणि जगातल्या उत्पादनाचा सुमारे १५ टक्के वाटा या एका परिसराचा मानला जातो. खनिजामुळे युद्ध लागलं असं म्हणणं फार सोपं होईल; युद्ध परवडतं मात्र खनिजामुळे.

पहिला अंक: २०१२-१३

एम२३ हे नाव २३ मार्च २००९च्या करारावरून आलं. तो करार सरकारने पाळला नाही म्हणत काँगोच्या सैन्यातले काही, मुख्यतः किन्यारवांडा बोलणारे तुत्सी, अधिकारी २०१२ मध्ये फुटले आणि २० नोव्हेंबर २०१२ला त्यांनी गोमा घेतलं. तेव्हा मोनुस्को, म्हणजे यूएनचं काँगोतलं मिशन, शहरात हजर होतं. फोर्स कमांडर होते भारताचे लेफ्टनंट जनरल चंदर प्रकाश आणि उत्तर किवूत, म्हणजे गोमाच्याच प्रांतात, भारतीय ब्रिगेड होती. यूएनच्या हेलिकॉप्टरांनी शहराबाहेर बंडखोरांवर मारा केला, पण काँगोचं सैन्य पळाल्यावर रस्त्या-रस्त्यात लढायचं काम यूएनने अंगावर घेतलं नाही. फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी या प्रकाराला चारचौघांत हास्यास्पद ठरवलं. भारतीय जवानांवरही टीका झाली. त्यातली बरीचशी अन्यायाची होती, कारण मिशनचा हुकूम काँगोच्या सैन्याला ‘मदत’ करण्याचा होता आणि ज्याला मदत करायची तोच जागेवर नव्हता.

सुमारे दहा दिवसांनी एम२३ शहरातून माघारी गेली. त्यानंतर जे झालं ते शांतिसैन्याच्या इतिहासात नवं होतं. २८ मार्च २०१३ला सुरक्षा परिषदेने २०९८ क्रमांकाच्या ठरावाने मोनुस्कोच्या पोटात एक ‘इंटरव्हेन्शन ब्रिगेड’ उभी केली. जवान तीन हजारांच्या आसपास, तीन पायदळ पलटणी, सोबत तोफखाना आणि स्पेशल फोर्स. हुकूम फक्त बचावाचा नव्हता. सशस्त्र गटांना निष्प्रभ करण्याचा होता. देश तेच: दक्षिण आफ्रिका, टांझानिया, मलावी. वर फोर्स कमांडर ब्राझीलचे जनरल सांतोस क्रूझ. ते मुख्यालयात बसून राहणाऱ्यांतले नव्हते.

जिंकण्याची कारणं चार आणि चारही एकाच वेळी जुळली. एम२३ आधीच आतून फुटली होती. तिचा एक मोठा नेता बोस्को न्तागांडा मार्च २०१३ मध्ये किगालीतल्या अमेरिकन दूतावासात जाऊन स्वाधीन झाला. काँगोच्या बाजूला कर्नल ममादू न्डालासारखा पुढं उभा राहून लढणारा अधिकारी होता. आकाश यूएनचं होतं. दक्षिण आफ्रिकेची रूइवॉक हेलिकॉप्टरं प्रथमच खऱ्या लढाईत उतरली. आणि चौथं, माझ्या मते सर्वांत मोठं कारण: २०१२ मध्येच अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांनी रवांडाची थोडीफार मदत रोखली होती आणि शेवटच्या लढाईच्या वेळी वॉशिंग्टन-लंडनहून किगालीला फोन जात होते. पाठीमागचं दार बंद झालं की समोरचा लवकर खचतो.

मधली गर्दी

नोव्हेंबर २०२१ मध्ये एम२३ पुन्हा उठली. जून २०२२ मध्ये युगांडाच्या सीमेवरचं बुनागाना घेतलं. त्यानंतरच्या अडीच वर्षांत पूर्व काँगोत किती प्रकारचं सैन्य होतं हे फळ्यावर लिहिताना खडू पुरला नाही.

मोनुस्को होतीच. पण लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. जुलै २०२२ मध्ये गोमा-बुटेम्बोत जमाव तिच्या तळांवर चालून गेला आणि बुटेम्बोत भारताच्या सीमा सुरक्षा दलाचे दोघे जण व मोरोक्कोचा एक शांतिसैनिक मारला गेला. सरकारनेही मोनुस्कोला लवकर निघायला सांगितलं आणि जून २०२४ पर्यंत दक्षिण किवूतून ती निघालीही.

काँगो एप्रिल २०२२ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायात दाखल झाला आणि त्या समुदायाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली प्रादेशिक फौज पाठवली. आधी केनिया, मग बुरुंडी, युगांडा, दक्षिण सुदान. नेतृत्व केनियाचे मेजर जनरल जेफ न्यागाह यांच्याकडे. इथं गाठ पडली. किन्शासाला ही फौज एम२३शी लढायला हवी होती. फौज मात्र बंडखोरांनी सोडलेल्या जागांवर मधे उभी राहायला आली होती. आणि या समुदायाचा सदस्य कोण? रवांडा. युगांडावरही एम२३ला आसरा दिल्याचे आरोप होते. एप्रिल २०२३ मध्ये न्यागाह यांनी, आपल्यावर पाळत ठेवली जातेय आणि धमकावलं जातंय, असं सांगून पद सोडलं. डिसेंबर २०२३ मध्ये काँगोने मुदत वाढवायला नकार दिला आणि ही फौज परत गेली.

तिच्या जागी, १५ डिसेंबर २०२३ पासून, आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाचं म्हणजे एसएडीसीचं मिशन उतरू लागलं. त्याचं लघुनाम एसएएमआयडीआरसी असं लांबलचक आहे. मी पुढं त्याला एसएडीसीची फौज म्हणेन. काँगो या समुदायाचाही सदस्य. टांझानिया तर दोन्ही समुदायांत. या फौजेला मात्र काँगोच्या सैन्याबरोबर उभं राहून लढण्याचा हुकूम होता.

याशिवाय बुरुंडीचं सैन्य स्वतंत्र द्विपक्षीय करारावर दक्षिणेकडे होतं. युगांडाचं सैन्य नोव्हेंबर २०२१ पासून उत्तरेकडे दुसऱ्याच गटाशी लढत होतं. वाझालेंदो नावाखाली गावोगावच्या सशस्त्र टोळ्या सरकारच्या बाजूला होत्या. आणि गोमात रुमानियाचे सुमारे तीनशे भाडोत्री सैनिक होते. बातम्यांत आलेल्या करारांनुसार त्यांचा महिन्याचा पगार पाच हजार डॉलरच्या घरात, तर काँगोच्या साध्या जवानाचा शंभरच्या आसपास आणि तोही वेळेवर नाही. या एका आकड्यावर चर्चामंडळातले पेन्शनर जितके तावातावाने बोलले तितके दुसऱ्या कशावरच बोलले नाहीत. शेजारच्या खंदकात पन्नासपट पगाराचा माणूस बसलाय हे माहीत असताना कोण जीव देईल, हा त्यांचा सवाल.

सगळ्यांचा मिळून एक कमांडर नव्हता, एक नकाशा नव्हता आणि एक वायरलेस जाळंही नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेने मोनुस्कोला एसएडीसीच्या फौजेला रसद आणि माहिती पुरवण्याची परवानगी दिली, पण परवानगी म्हणजे कमांड नव्हे.

दुसरा अंक: जानेवारी २०२५

एम२३ जानेवारीच्या सुरुवातीला पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून सरकली. २३ जानेवारीच्या सुमारास गोमापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं साके पडलं. साके म्हणजे गोमाचा पश्चिम दरवाजा. त्याच दिवसांत उत्तर किवूचे लष्करी राज्यपाल मेजर जनरल पीटर चिरिम्वामी आघाडीवर मारले गेले. दक्षिण आफ्रिकी जवान साकेजवळच्या तळावर आणि गोमात तोफमाऱ्याखाली सापडले. त्यांचे जे १४ जण गेले त्यांतले काही यूएनच्या निळ्या टोपीखालचे, बाकी एसएडीसीचे. एकाच देशाचे जवान एकाच आघाडीवर दोन वेगवेगळ्या हुकुमांखाली मेले. मलावी, टांझानिया आणि यूएनमध्ये असलेल्या उरुग्वेचेही जवान मारले गेले.

२७ जानेवारीला एम२३ने शहर घेतल्याचं जाहीर केलं आणि पाठोपाठ विमानतळही गेला. काँगोच्या शेकडो सैनिकांनी शस्त्रं टाकून मोनुस्कोच्या तळांत आसरा घेतला. रुमानियाचे भाडोत्री सैनिक शरण गेले आणि रवांडामार्गे घरी परतले. शहरात नंतर मोजलेले मृतदेह, यूएनच्या सांगण्यानुसार, २,९०० च्या आसपास होते. फेब्रुवारीच्या मध्यावर दक्षिण किवूची राजधानी बुकावूही पडलं.

एसएडीसीच्या फौजेची अवस्था विचित्र होती. तिच्या तळांना एम२३ने वेढलं होतं. विमानतळ बंद. जखमींना हलवायचं तर यूएनच्या मध्यस्थीने, सीमेपलीकडून. दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष रामाफोसा आणि रवांडाचे अध्यक्ष कगामे यांच्यात समाजमाध्यमावर जाहीर खडाजंगी झाली. कगामे यांचं म्हणणं असं की ही शांतिसेना नाहीच, ही काँगोच्या बाजूने लढणारी फौज आहे आणि तिला इथं जागा नाही. कडू असलं तरी अर्धं खरं होतं: फौजेचा हुकूमच काँगोच्या बाजूने लढण्याचा होता. मात्र सांगणाऱ्याचं स्वतःचं सैन्यही त्याच मातीवर होतं, हे अर्धं त्यांनी गाळलं.

१३ मार्चला एसएडीसी देशांच्या प्रमुखांनी मिशन गुंडाळायचं ठरवलं. २९ एप्रिलपासून माघारीचे ट्रक निघाले, गोमाहून सीमा ओलांडून, रवांडाच्या रस्त्यांवरून टांझानियाकडे.

काय बदललं

चर्चेत दोन तट पडले आणि शेवटपर्यंत राहिले.

एक निवृत्त सुभेदार पहिल्यापासून एकाच गोष्टीवर ठाम होते. “साहेब, हुकूम कुणाचा ते आधी सांगा. रायफली मागनं मोजूया.” त्यांच्या मते २०१३ मध्ये ब्रिगेड यूएनच्या एका कमांडरखाली होती, तोफखाना-हेलिकॉप्टर-रसद एकाच साखळीत होती, २०२५ मध्ये प्रत्येक जण आपापल्या राजधानीकडे बघत होता. हे नाकारता येत नाही. २०२३ नंतर दक्षिण आफ्रिकेने २,९०० जवान पाठवायला मंजुरी दिली, पण प्रत्यक्ष उतरले त्याहून बरेच कमी. ज्या रूइवॉक हेलिकॉप्टरांनी २०१३ मध्ये निकाल फिरवला ती या वेळी सोबत नव्हती. समोर मात्र नेमका मारा करणारी तोफ-उखळी शस्त्रं, उपग्रह-दिशादर्शन बिघडवणारी यंत्रणा आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रं असल्याचं यूएनच्या तज्ज्ञांनी आधीच नोंदवलं होतं. २०१३ मध्ये समोर बंडखोर होते. २०२५ मध्ये समोर बंडखोरांच्या आडून एक शिस्तीचं सरकारी सैन्य होतं.

मला वाटतं, सुभेदारांचं कारण खरं आहे पण दुसऱ्या क्रमांकाचं आहे. पहिलं कारण किगालीचं. २०१२-१३ मध्ये रवांडावरचा दबाव लढाईच्या आधी आला. २०२५ मध्ये तो लढाईनंतर आला: २० फेब्रुवारीला अमेरिकेचे निर्बंध, २१ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेचा एकमताचा २७७३ क्रमांकाचा ठराव, मार्चमध्ये युरोपीय संघाचे निर्बंध. तोवर गोमा आणि बुकावू दोन्ही गेली होती. उशीर का झाला? मधल्या बारा वर्षांत रवांडा सगळ्यांच्या गरजेचा होऊन बसला होता. यूएनला सर्वाधिक शांतिसैनिक देणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारत-नेपाळ-बांगलादेशबरोबर रवांडाचं नाव असतं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात त्याचे सैनिक आहेत. मोझांबिकच्या काबो देल्गादोत जुलै २०२१ मध्ये त्याने हजारभर माणसं उतरवली आणि फ्रेंच कंपनीचा अब्जावधी डॉलरचा गॅस प्रकल्प ज्या भागात आहे तो भाग मोकळा केला; युरोपीय संघाने त्यासाठी पैसे दिले. त्याच काबो देल्गादोत एसएडीसीची फौजही होती, ती २०२४ मध्ये परत गेली आणि रवांडाची राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय संघाने रवांडाशी खनिजांचा समझोता केला. एका हाताने ज्याच्याकडून शांतिसैनिक घ्यायचे त्याचाच दुसरा हात धरायचा कसा, हा प्रश्न ब्रसेल्सला पडला नसेल असं नाही. त्यांनी तो पुढं ढकलला.

आफ्रिकेतल्या इतर परदेशी तळांचं चित्र याच्या शेजारी ठेवलं की गंमत कळते. फ्रान्सला माली, बुर्किना फासो, नायजर, चाड आणि सेनेगल यांनी २०२२ ते २०२५ मध्ये एकापाठोपाठ बाहेर काढलं. अमेरिकेला नायजरमधला अगादेझचा ड्रोन तळ २०२४ मध्ये सोडावा लागला. मोठं ठिकाण उरलं ते जिबूती. तिथं अमेरिका, फ्रान्स, चीन, जपान, इटली असे सगळे एकाच छोट्या बंदर-देशात भाडं भरून बसलेत. ‘आफ्रिकेच्या प्रश्नाला आफ्रिकी उत्तर’ ही घोषणा या पार्श्वभूमीवर गोड लागते. पण उत्तर द्यायला येणारा शेजारी असतो आणि शेजाऱ्याचं त्या घरात काहीतरी असतंच: खाण, निर्वासित, जुनं वैर, नाहीतर निवडणूक. शिवाय पैशाची बोंब. यूएन मिशनमध्ये दर जवानामागे महिन्याला चौदाशेच्या वर डॉलर त्या देशाच्या सरकारला मिळतात. प्रादेशिक फौजेत खर्चाचा भार पाठवणाऱ्यावर. २०२३च्या २७१९ क्रमांकाच्या ठरावाने आफ्रिकी संघाच्या मिशनांना यूएनच्या वर्गणीतून ७५ टक्क्यांपर्यंत पैसे देण्याचा रस्ता कागदावर उघडला, पण सोमालियातल्या मिशनलाही तो प्रत्यक्षात मिळवून देता आलेला नाही.

आपल्या अंगणातला दाखला

या टप्प्यावर चर्चा आफ्रिकेतून जाफन्यात गेली. नेली ती मी नाही, पेन्शनरांनी. २९ जुलै १९८७च्या भारत-श्रीलंका करारानंतर आयपीकेएफ, म्हणजे भारताची शांतिसेना, श्रीलंकेत गेली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. शांतता राखायला गेलेलं सैन्य ऑक्टोबरात ‘ऑपरेशन पवन’मध्ये एलटीटीईशी लढत होतं. भारताचे अकराशेच्या वर जवान गेले. १९८९ मध्ये तिथले नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी निघायला सांगितलं आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. मंडळातले एक जण तेव्हा विशीत होते, जाफना त्यांनी पाहिलंय. त्यांचं म्हणणं इतकंच: “आम्ही कुणाच्या बाजूनं, हेच तिथल्या बाईला सांगता येईना. तमिळांना वाटायचं सिंहलींचे, सिंहलींना वाटायचं तमिळांचे.”

म्हणून केनियाच्या त्या जनरलवर आणि दक्षिण आफ्रिकेच्या जवानांवर इथं बसून हसायला मी तयार नाही. शेजारी म्हणून शांतिसैन्य पाठवण्याचा अनुभव भारताने घेतलाय आणि त्यानंतरच्या सरकारांनी परदेशी भूमीवर शांततेसाठी पलटण पाठवायची ती निळ्या झेंड्याखालीच, असा शिरस्ता ठेवलाय. तो शिरस्ता शहाणपणाचा आहे. निळ्या झेंड्याखाली लढताच येत नाही असंही नाही: १९६१ मध्ये याच काँगोत, कटांगाच्या फुटीर फौजेशी लढताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना परमवीर चक्र मिळालं, तेही यूएनच्या मोहिमेत.

पोरांपैकी एकाने मात्र अवघड प्रश्न टाकला. “भारताची पलटण तिथंच हुती न्हवं? मग गोमा पडताना गोळी का घातली न्हाई?” उत्तर अर्धवटच देता आलं. मोनुस्कोच्या तुकड्या साकेच्या आघाडीवर प्रत्यक्ष लढल्या, हेलिकॉप्टरं आणि तोफा वापरल्या, माणसं गमावली. शहर पडल्यावर प्रश्न वेगळा झाला: तळांत शिरलेले निःशस्त्र सैनिक आणि भेदरलेले नागरिक यांना वाचवायचं की नव्याने लढाई पेटवून त्यांनाच मधे घ्यायचं? गोमातलं भारताचं रुग्णालय त्या दिवसांत जखमींनी भरलं होतं. माझ्या मते तिथल्या अधिकाऱ्यांनी बरोबर केलं. पण त्या पोराचं समाधान झालं नाही आणि व्हायलाच पाहिजे असंही नाही.

पुढचं

२७ जून २०२५ला वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या. १९ जुलैला दोह्यात काँगो सरकार आणि एम२३ यांनी तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर केल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला चिसेकेदी आणि कगामे हे दोन्ही अध्यक्ष वॉशिंग्टनला जाऊन आले आणि त्यानंतर आठवड्याच्या आत एम२३ने बुरुंडीच्या सीमेवरचं उविरा गाठलं.

गोमात आता एम२३चे अधिकारी कर गोळा करतात. ३० ऑक्टोबर २०२५ला पॅरिसमधल्या मदत परिषदेत फ्रान्सचे अध्यक्ष माक्रों यांनी जाहीर केलं की गोमाचा विमानतळ मदतीच्या विमानांसाठी लवकरच उघडला जाईल. एम२३ने उत्तर दिलं की आम्हाला कुणी विचारलेलं नाही. धावपट्टी त्यांच्याच ताब्यात होती.